अवर्षण दैवाचे, दुर्भिक्ष कोणाचे?



गोष्ट २०२३ सालच्या मार्गशीर्षातली. त्या वर्षी ऐन श्रावणात पावसाने ओढ दिली. खरीप करपून गेला, जमिनीत ओल नाही म्हणून रब्बीची पेर खोळंबली आणि राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशाच एका तालुक्यात, सोलापूर जिल्ह्यातील एका गावी, सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. कीर्तन आटोपून आम्ही देवळाच्या ओवरीत टेकलो असता एक तरुण शेतकरी जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, राग धरू नका, एक इचारतो. तुम्ही आत्ता सांगितलंत की माणसाचं पाप वाढलं म्हणजे पाऊस आटतो. मग आमच्याच तालुक्यातली माणसं तेवढी पापी, अन् धरणाखालची समदी पुण्यवान, असं हाय का?"

भोवतीची मंडळी हसली. आमच्या तोंडी ठेवणीतले उत्तर होते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे तीन शब्द आम्ही सांगितले. त्याने मान हलविली, पुन्हा पाया पडला आणि गेला. त्याचे समाधान झाले नाही हे आम्हांस दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. तेव्हापासून तो प्रश्न आमच्याबरोबर पंढरीची वाट चालत आहे. जेवढे उमगले तेवढे आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण दुष्काळ म्हणतो, संस्कृतात त्याला दुर्भिक्ष म्हणतात. पाठशाळेत गुरुजींनी हा शब्द अव्ययीभाव समासाच्या पाठात शिकविला होता. भिक्षेची समृद्धी ते सुभिक्ष, भिक्षेची वाण ते दुर्भिक्ष. त्या वयात आम्ही ते रूप घोकले आणि पुढच्या पाठाला लागलो. आता साठी उलटल्यावर ध्यानात येते की या शब्दात पावसाचे नावही नाही. पाऊस न पडणे याला अवर्षण, अनावृष्टी असे निराळे शब्द आहेत. दुर्भिक्ष म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या झोळीत काही न पडणे. अवर्षण आभाळात होते, दुर्भिक्ष उंबरठ्यावर होते. पहिले दैवाकडे असेल. दुसरे तर घरात बसलेल्या माणसाकडे आहे.

पिकाचा घात करणाऱ्या सहा ईती जुन्यांनी सांगितल्या आहेत. अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि सहावी ईती म्हणजे जवळ येऊन ठेपलेले राजे. टोळ आणि उंदीर यांच्या पंगतीला राजाला बसविणारे ते लोक भाबडे नव्हते. शेतातले पीक आभाळामुळे जाते तसेच माणसामुळेही जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि पहिल्या दोन ईती तरी आपण आपल्या डोळ्यांनी पाहिल्याच. २०२३ साली अनावृष्टी झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठी व मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकेच काय, शेतातली मातीसुद्धा खरवडून नेली. दोन वर्षांपूर्वी कोरडे राहिलेले पापी आणि आता बुडालेलेही पापी, असे म्हणावयास आमची जीभ आता रेटत नाही.

कोणी शंका घेईल की धान्यच पिकले नाही तर द्यावयाचे कोठून? शंका रास्त आहे. पण इतिहास निराळी साक्ष देतो. १९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात सुमारे ३० लाख माणसे गेली असे मानतात. अर्थशास्त्री अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखविले की त्या वर्षी बंगालात तांदूळ आधीच्या काही वर्षांच्या मानाने फारसा कमी नव्हता. युद्धामुळे भाव चढले, साठे दडले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातातल्या पैशाला तांदूळ परवडेनासा झाला. माणसे रस्त्यावर मेली ती भरलेल्या दुकानांसमोर मेली. आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातही हेच झाले. दख्खनमध्ये लोक झाडपाला खात होते आणि बंदरांतून धान्य विलायतेला जात होते. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारने इतकी कापली की लोक कामे सोडून चालते झाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे मांडले. त्याच काळात जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले, आणि सावित्रीबाईंनी १८७७ साली ओतूरहून लिहिलेल्या पत्रात लोकांची दैना कळविली. दोन्हीकडे आभाळ एकच होते. एकीकडे दार लागले, एकीकडे उघडले.

आता धर्माकडे वळू. भुकेल्या माणसाने काय करावे, काय करू नये, याचा विचार आपल्या शास्त्रांनी पुष्कळ केला आहे. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशाचे पीक नष्ट झाले, तेव्हा हा विद्वान ब्राह्मण तरुण पत्नीसह माहुतांच्या वस्तीत येऊन राहिला. एक माहूत हलक्या धान्याच्या घुगऱ्या खात होता. उषस्तीने भिक्षा मागितली. माहूत म्हणाला, या माझ्या पात्रातल्या आहेत तेवढ्याच, दुसऱ्या नाहीत. उषस्तीने त्या उष्ट्या घुगऱ्या घेतल्या आणि खाल्ल्या. माहुताने पाणी पुढे केले, ते मात्र घेतले नाही. उष्टे अन्न खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी तर कोठेही मिळेल, असे त्याने सांगितले. उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीला नेऊन दिल्या. तिने त्या जपून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला. महाभारताच्या शांतिपर्वात तर विश्वामित्रांची कथा आहे. बारा वर्षांच्या अनावृष्टीत ते चांडाळाच्या घरी शिरून कुत्र्याची तंगडी घेतात, आणि तो चांडाळच त्यांना धर्म समजावू लागतो! तात्पर्य हे की जीव जात असता उपाशी माणसाला शास्त्र दोष देत नाही. याला आपद्धर्म म्हणतात.

या कथा आम्ही कीर्तनात कैक वेळा सांगितल्या. प्रत्येक वेळी उषस्तीचे शहाणपण सांगितले, त्याने घुगऱ्या घेतल्या आणि पाणी का नाकारले याची मीमांसा केली. पण त्या माहुताचे नावसुद्धा आमच्या ध्यानात कधी आले नाही, कारण उपनिषदाने ते दिलेलेच नाही. देश उजाड झालेला, आपल्या पात्रात चार घुगऱ्या, उद्याची खात्री नाही, आणि हा माणूस आपल्या ताटातले अनोळखी माणसाला देतो. उषस्तीपुढे धर्मसंकट होते, माहुतापुढे काही संकटच नव्हते. त्याने विचारही केला नाही. शास्त्राची आपद्धर्माची सवलत आहे ती उपाशी माणसाला. ज्याच्या घरात धान्य आहे त्याला दुष्काळात कोणती सवलत आहे? आम्ही पुष्कळ शोधले, आम्हांस सापडली नाही. उलट भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की पोट भरेल इतक्यावरच देहधाऱ्याची मालकी. त्याहून अधिकावर जो हक्क सांगतो तो चोर, तो दंडास पात्र. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीही स्वतःपुरते शिजवून खाणाऱ्याला पाप खाणारा म्हटले आहे. पाऊस यज्ञाने पडतो हे त्याच ठिकाणी सांगितले आहे, आणि आम्ही कीर्तनकार मंडळी तेवढेच उचलून लोकांना पापी ठरवितो. पण तेथे यज्ञ म्हणजे घेतलेले परत देणे, फिरते चाक फिरते ठेवणे. ते चाक कोण अडवितो? शेत करपलेला कुणबी अडवितो, की धान्य दाबून बसणारा?

येथे दामाजीपंतांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मंगळवेढ्याचे कोठार बेदरच्या बादशहाचे, दामाजी त्यावरचे अधिकारी. दुष्काळात माणसे दारात येऊन पडू लागली तेव्हा त्यांनी कोठार उघडले, हे संप्रदायातल्या पोराबाळांना ठाऊक आहे. चिकित्सक माणूस विचारील की धान्य दुसऱ्याचे, मग हे दान कसले? परक्याच्या मालावर उदार होण्यात काय पुण्य? याचे समाधान असे की दामाजींनी धान्य बादशहाचे दिले हे खरे, पण मान स्वतःची पुढे केली. शिक्षा काय होईल ते त्यांना माहीत होते. आपण तर आपले धान्य देतानाही काही राखून ठेवतो. दुसरी गोष्ट, पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या खजिन्यात त्या धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली, असे परंपरा सांगते. देवाने बादशहाचे बुडविले नाही. आणि किंमत भरावयास आला तो गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याच्या रूपाने आला. गावाने वर्षानुवर्षे ज्याचे देणे थकविले, त्यानेच गावाचे देणे फेडले, हा त्यातला अर्थ आम्हांस फार उशिरा कळला.

ही कथा सांगताना आमचा आवाज एका जागी अडखळतो. का अडखळतो ते आजवर कोणास सांगितले नाही. आज सांगतो.

१९७२ साली आम्ही तेरा वर्षांचे होतो. त्याआधीची दोन वर्षेही पाऊस बेताचाच होता. त्या साली तर विहिरींचे तळ दिसले. आमचे वडील कीर्तनकार होते आणि घरी थोडी काळी जमीन होती. वाड्याच्या अंगणात पेव होते. हल्लीच्या मुलांना पेव ठाऊक नसेल. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी धान्य साठविण्याची जागा. तोंडावर चपटा दगड, त्यावर माती. त्यात मागल्या चांगल्या सालची ज्वारी होती. गावातले बरेच लोक पाझर तलावाच्या कामावर खडी फोडावयास जात. तेथे सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, तो दळून भाकरी थापली तर तुकडे पडत.

एकादशीच्या रात्री वडिलांनी देवळात दामाजीपंतांचे आख्यान लावले. लोक ढसढसा रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची एक बाई टोपली घेऊन आमच्या अंगणात आली. तिचा नवरा आजारी, कामावर ती एकटी, घरी सासरा आणि तीन लेकरे. आमच्या आजीला ती म्हणाली, "आत्या, दोन पायली जोंधळा द्या. सुगीला तीन पायली घालीन." आजी म्हणाली, "पेव कवाच सरलं गं बाई. आमीबी मिलोच खातोय." त्या वेळी आम्ही पेवाच्या दगडावर बसून पाढे म्हणत होतो. त्या बाईने आमच्याकडे पाहिले आणि हसून विचारले, "काय बाळमहाराज, खरं का?"

आम्ही होय म्हणालो.

आठ-दहा दिवसांत ते कुटुंब भांडी बांधून मुंबईला गेले. म्हातारा सासरा मागे राहिला. त्याला कोण भाकरी देई, कोण न देई. उन्हाळ्यात तो गेला. ते घर पुन्हा उघडले नाही. पुढे १९७३ चा पाऊस झाला, नवे पीक आले आणि वडिलांनी पेव उघडले. आत तीन मण ज्वारी शिल्लक होती. वडील बराच वेळ पेवाच्या तोंडाशी बसून राहिले. त्या ज्वारीचा त्यांनी गावाला भंडारा घातला. का घातला ते बोलले नाहीत. त्यानंतर ते अकरा वर्षे कीर्तन करीत होते. दामाजीपंतांचे आख्यान त्यांनी पुन्हा लावले नाही.

आजी वाईट नव्हती. तिने १८ माणसांचे घर सांभाळले होते, पाऊस कधी येईल हे तिला माहीत नव्हते, आणि आधीचे दुष्काळ तिने सासूच्या तोंडून ऐकलेले होते. भीतीने दार लावणारी माणसे सहसा वाईट नसतात. हीच या विषयातली अवघड गोष्ट आहे. दुर्भिक्ष दुष्टांमुळे येते असे म्हटले की आपण सारे सुटतो, कारण आपण कोणीच स्वतःला दुष्ट समजत नाही. ते येते चांगल्या माणसांच्या भीतीमुळे. प्रत्येक जण आपल्या लेकरांसाठी मूठ आवळतो, आणि अशा आवळलेल्या मुठींनी गाव उपाशी मरते.

भूक केवळ देह झिजवीत नाही, ती नाती तोडते, आणि तीही क्रमाने तोडते. आधी पाहुणा नकोसा होतो. मग गुरे जातात. ज्या बैलाला बेंदराला ओवाळले त्याचीच दावण मोकळी करताना माणूस तोंड फिरवितो. मग घरातल्या बाईचे ताट आटते, कारण ती शेवटी जेवते. मग मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, तेवढेच एक खाणारे तोंड कमी. मग म्हाताऱ्यांना मागे ठेवून धडधाकट माणसे बाहेर पडतात. आणि पडत्या भावाने जमीन विकली जाते. दुष्काळात विकणारे कोण आणि विकत घेणारे कोण, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. पुढे पाऊस येतो, पिके येतात, पण तुटलेले पुन्हा जुळत नाही. त्या दोन घरांच्या मुलांमध्ये ती जमीन आडवी पडून राहते.

म्हणूनच तुकोबारायांनी केले ते फार मोठे आहे. १६३०-३१ च्या घोर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. घराणे महाजनाचे, लोकांकडे येणे होते, खते हाताशी होती. दुष्काळातून उठलेल्या माणसाने पहिली गोष्ट वसुलीची करावी, आणि जगाने त्याला शहाणा म्हणावे. त्यांनी भाऊ कान्होबांच्या वाट्याची खते त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. आपण त्यात वैराग्य पाहतो, ते आहेच. पण ज्या कुळांची खते बुडाली त्यांच्या बाजूने पाहा. त्यांच्या दृष्टीने तो दिवस दुष्काळ संपल्याचा होता. पाऊस आधीच येऊन गेला होता, दुष्काळ मात्र खतांमध्ये शिल्लक होता.

आता स्वयंपूर्णतेचा विचार करू. अन्नासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने अनुभविले. १९५० नंतरची दीड-दोन दशके देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली, आणि लोकांनी सोमवारची रात्र उपवासाची पाळली. त्याच वर्षी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्या, असे जाहीरपणे सांगितले होते. १९५०-५१ साली देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकत होते. २०२३-२४ साली ३३ कोटी टनांच्या वर पिकले. हे शेतकऱ्याचे आणि शास्त्रज्ञांचे थोर पुण्य आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यात कामे काढली, ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती, आणि म्हणून पूर्वीसारखा मृत्यूचा कहर झाला नाही. विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेतून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला आणि आज देशातल्या ८० कोटींच्या आसपास माणसांना रेशनवर धान्य फुकट मिळण्याची तरतूद आहे. कोणी याला आळशांचे पोसणे म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. एका दामाजीने मान पुढे करून केले ते कायद्याने केले, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, ही त्यातली सोय दामाजींनाही आवडली असती.

मग काळजी कशाची? काळजी ही की देश स्वयंपूर्ण झाला आणि घर मात्र झाले नाही. ज्या रानात ज्वारी, तूर, हरभरा असे त्या रानात आता ऊस आणि सोयाबीन आहे. भाव मिळाला तर पैसा, आणि नाही मिळाला तर खावयासही काही नाही. पूर्वी पीक बुडाले म्हणजे पोटाला धान्य मिळत नसे. आता धान्य मिळते, पण बियाण्याचे, औषधाचे, विहिरीचे कर्ज बुडालेल्या पिकाबरोबर बुडत नाही. बीडकडची माणसे मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा आणि म्हाताऱ्यांची भाकर मागे राहते. भर संसारातला शेतकरी गळ्याला दोर लावून घेतो, तो अन्नाचे दुकान उघडे असता लावतो. हेही दुर्भिक्षच. त्याला जे मिळाले नाही ते मागावयास तो कोणाच्या दारात गेला नाही, कारण दार उघडेल असा भरवसा त्याला उरला नव्हता.

मंगळवेढे ज्वारीचे कोठार म्हणून आजही प्रसिद्ध आहे. तेथील मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, वरून पाणी न मागता ती येते. माणसाला भाकर आणि गुराला कडबा दोन्ही देते. त्याच तालुक्याच्या दक्षिणेकडील गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आली आहेत, हेही खरे. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ते आपण पाहिले. कमी पाण्याचा देश आणि जास्त पाण्याचे पीक, ही गाठ कोणी दैवाने मारलेली नाही. ऊस लावूच नये असे सांगणारे आम्ही कोण? पण प्रत्येकाने रानाचा एक पट्टा घरच्या ज्वारीला, एक डाळीला ठेवावा, एवढे मागण्याचा अधिकार संप्रदायाला असावा.

मात्र स्वयंपूर्ण या शब्दाचीही एक फसगत आहे. आमच्या घरचे पेव स्वयंपूर्ण होते. तीन मण उरले इतके पूर्ण होते. माझे मला पुरले म्हणजे स्वयंपूर्ण, हा अर्थ धरला तर तो शब्द दार लावण्याचे निमित्त होतो. जुन्या बलुत्याच्या व्यवस्थेत खळ्यावर सुताराला, लोहाराला, चांभाराला धान्याचा वाटा असे. त्यात जातीची उतरंड आणि अपमान होता, तो गेला हे बरे झाले. पण धान्य खळ्यावरून घरी येण्याआधी त्यात दुसऱ्याचा वाटा आहे, ही जाणीवही त्याबरोबर गेली. ती अपमानाशिवाय परत आणता येते का, हे पाहिले पाहिजे.

वारीत आपण दररोज हजारोंच्या पंगती पाहतो. कोणी कोणाला जात विचारीत नाही, घर विचारीत नाही. माउली म्हणतो आणि पत्रावळ मांडतो. वाटेवरचे गरीब गावसुद्धा पिठलं-भाकरीला कमी पडू देत नाही. म्हणजे हात उघडणे आपल्याला येते. मग वारीहून परतल्यावर आपल्याच आळीत कोणाची चूल पेटली नाही, हे आपल्याला का कळत नाही? पंढरीच्या वाटेवर माउली, आणि गल्लीत शेजारी. हा भेद कोणी शिकविला?

आमची सूचना साधी आहे. गावोगावी सप्ताह होतात, शिधा गोळा होतो, काल्याला महाप्रसाद होतो आणि उरलेले पुढच्या वर्षाच्या खर्चात मिळते. त्याऐवजी देवळात एक कणगी ठेवावी. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे पायली, अधोली, नाहीतर ओंजळभर तरी ज्वारी तीत घालावी. ज्याला गरज पडेल त्याने न्यावी. वहीत नाव लिहू नये, कोणी पाहत बसू नये, परत घालण्याची अट असू नये. कोणी म्हणतील, लबाड नेतील. नेतील. दहा लबाडांनी नेले तरी चालेल. पण एका बाईने टोपली घेऊन दुसऱ्याच्या अंगणात उभे राहावे आणि एका पोराला साक्षीला बोलवावे लागावे, ते टळले पाहिजे.

२०२४ पासून आम्ही बिदागीत शाल-नारळ घेणे सोडले आहे. बोलावणाऱ्या मंडळींस सांगतो, त्याची ज्वारी घ्या आणि तुमच्याच देवळात ठेवा. काही गावे ठेवतात, काही हो म्हणून विसरतात. ज्या गावी त्या तरुणाने प्रश्न विचारला होता, तेथे गेल्या वर्षी पुन्हा सेवा झाली. तो भेटला. आम्ही त्यास म्हणालो, "बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी चुकलं. पाऊस पडला नाही त्यात तुझं पाप नाही. पाऊस पडला नाही अन् कोणी उपाशी निजलं, तर ज्यांच्या घरात आहे त्यांचं पाप. त्यात आम्हीही आहोत." तो काही बोलला नाही. घरी घेऊन गेला आणि भाकरी वाढली. ज्वारी त्याच्या पट्ट्यातली होती.

दामाजीपंतांचे आख्यान आम्ही अजून लावतो. कोठार उघडण्याच्या प्रसंगाशी आलो की ते अंगण, तो दगड आणि ती बाई समोर उभी राहते. तिची लेकरे आता आमच्याच वयाची झाली असतील. मुंबईत कोठे असतील. त्यांच्यापैकी कोणी वारीत आमच्या शेजारून चालत गेले असेल आणि आम्ही त्यांस माउली म्हणून पायही लागलो असू. दोन पायली जोंधळ्याचे देणे पायी लागून फिटत नाही, हे आम्ही जाणतो.

अधिकउणे बोलणे झाले असेल तर संतांनी पोटात घालावे.

रामकृष्णहरि.